पक्की मांड : फुटबॉल खेळणारांच्या जांघेचें रक्षण

घोड्यावर बसणाराची मांड पक्की असावी, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. या म्हणण्यांत शरीरशास्त्राचें एक मोठें सत्य सांठविलेलें आहे. लगाम हातांत असतो आणि पाय रिकिबींत असतात हें खरें. पण धांवत्या घोड्याच्या पाठीवर स्वाराला धरून ठेवण्याचें काम मुख्यतः त्याच्या मांड्यांच्या आंतल्या बाजूचे स्नायु करीत असतात. युरोपांतही हा अनुभव निराळा नव्हता. तिकडील जुन्या वैद्यांनीं या स्नायूंच्या दुखापतीला ‘घोडेस्वाराची लचक’ असेंच नांव दिलें होतें. पुढें घोडेस्वारी मागें पडली; पण दुखापत मात्र गेली नाहीं. ती घोड्याच्या पाठीवरून उतरली आणि फुटबॉलच्या मैदानावर आली.

व्यावसायिक फुटबॉल खेळणारांच्या दुखापतींची नोंद हल्लीं मोठ्या काळजीनें ठेवली जाते. युरोपांतील अव्वल संघांची अशी कित्येक मोसमांची नोंद २००९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें दिसून आलें कीं, दर मोसमांतील एकंदर दुखापतींपैकीं शेंकडा १२ ते १६ दुखापती जांघेच्या व खुब्याच्या होत्या. म्हणजे ढोबळ मानानें सात दुखापतींमागें एक. परंतु या दुखापतीचा खरा उपद्रव तिच्या संख्येंत नसून तिच्या स्वभावांत आहे. हात मोडला तर प्लास्टर दिसतें, घोटा मुरगळला तर सूज दिसते. जांघ दुखते तेव्हां बाहेरून कांहींच दिसत नाहीं. मुलगा चालतो, जिने चढतो, सावकाश धांवतोही. मात्र जोरानें लाथ मारण्याची किंवा एकाएकीं वळण्याची वेळ आली कीं कळ येते. मग घरीं त्याला ‘खेळ पुरे कर’ म्हणतात, मैदानावर ‘अंग चोरतो’ म्हणतात, आणि तो बिचारा दुखणें लपवून खेळत राहतो. तीन आठवडे विश्रांति घ्यावी, बरें वाटावें, पुन्हां खेळावें आणि पुन्हां तेंच दुखणें उपटावें, असें चक्र सुरू होतें. कित्येक होतकरू खेळाडूंचीं उमेदीचीं वर्षें या चक्रांत फुकट जातात. हें चक्र मुळांतच अडवितां येईल काय, आणि येत असेल तर कसें, हा येथें विचाराचा विषय आहे.

प्रथम जांघ म्हणजे नेमकें काय तें पाहिलें पाहिजे. पोट जेथें संपतें आणि मांडी जेथें सुरू होते, ती तिरपी घडी म्हणजे जांघ. घरोघरीं या जागेचीं दोन दुखणीं माहीत असतात. पायाला जखम झाली असतां जांघेंत गांठ येऊन ठणकते, तिला अवधाण म्हणतात. आणि खोकतांना जांघेंत फुगवटा येतो, त्याला अंतर्गळ म्हणतात. फुटबॉलपटूचें दुखणें या दोहोंहून बहुधा वेगळें असतें. परंतु तें कोणत्या जागेचें आहे याविषयीं वैद्यांतही फार दिवस गोंधळ होता. एकच दुखणें निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नांवांनीं ओळखलें जाई. म्हणून २०१४ सालीं कतारमधील दोहा येथें १४ देशांचे २४ तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनीं जांघेच्या दुखण्याचीं चार स्थानें ठरविलीं. पहिलें मांडीच्या आंतल्या स्नायूंचें. दुसरें मांडी वर उचलणाऱ्या, कण्यापासून निघून मांडीच्या हाडास लागणाऱ्या स्नायूचें. तिसरें ओटीपोटाच्या खालच्या भिंतीचें, म्हणजे जेथें अंतर्गळ होतो त्या भागाचें. आणि चौथें मधल्या हाडाच्या सांध्याचें. खुब्याच्या सांध्यांतून उद्भवणारें दुखणें त्यांनीं याहून वेगळें मानलें. या सर्वांत फुटबॉल खेळणारांना अधिकांत अधिक पीडा देणारें स्थान म्हणजे पहिलें, मांडीच्या आंतल्या स्नायूंचें. याच स्थानाच्या रक्षणाचा उपाय आतां पुष्कळसा हातीं आलेला आहे.

या स्नायूंची रचना ध्यानांत घेतली म्हणजे पुढील सर्व गोष्टी सहज उमगतात. ओटीपोटाच्या खालीं, मध्यभागीं हात दाबून पाहिला तर एक कठीण हाड लागतें. तेथें कटीचीं डावीं-उजवीं हाडें मधल्या कूर्चेनें एकमेकांस जोडलेलीं असतात. त्यांस जघनास्थि म्हणतात. या हाडावरून व त्याच्या मागल्या-खालच्या भागावरून प्रत्येक बाजूस पांच स्नायु निघतात. त्यांतील चार मांडीच्या हाडाला जाऊन चिकटतात आणि पांचवा, सडपातळ असा, गुडघा ओलांडून नडगीच्या हाडापर्यंत जातो. बाजूला गेलेला पाय मध्यरेषेकडे आंत ओढून आणणें हें या पांचांचें समाईक काम. इंग्रजी वैद्यकांत त्यांना ‘अ‍ॅडक्टर’ म्हणतात. आपण त्यांना आंत ओढणारे स्नायु म्हटलें तरी चालेल. मांड्या एकमेकींवर दाबल्या असतां जांघेजवळ दोरीसारखी ताठ झालेली जी कंडरा बोटांना लागते, ती या पांचांतील एका लांब स्नायूची होय. हाडावर त्याला मिळालेली जागा अगदीं लहान, आणि त्याच्यावर पडणारा ओढा मात्र फार मोठा. म्हणून सर्वांत अधिक दुखावतो तो हाच.

त्यांतही आणखी एक अडचण आहे. पोटाचा उभा स्नायु वरून येऊन याच जघनास्थीवर उतरतो आणि त्याचे तंतु खालच्या स्नायूच्या तंतूंत मिसळलेले असतात. म्हणजे रस्सीखेंचींत दोन्ही पक्षांनीं धरलेल्या दोराप्रमाणें या हाडावर वरून पोट आणि खालून मांडी अशी ओढ सतत चालू असते. एक पक्ष दुबळा पडला कीं सारा भार जोडावर येतो. आणि बाजूला, कमरेच्या हाडाच्या बाहेरच्या अंगास, नितंबाचे दोन स्नायु असे आहेत कीं जे पाय बाहेर नेतात आणि माणूस एका पायावर उभा असतां कंबर दुसरीकडे कलूं देत नाहींत. आंत ओढणारे आणि बाहेर नेणारे असे हे दोन्ही गट तुल्यबळ असतील तरच खुबा आपल्या जागीं समतोल राहतो.

आतां फुटबॉलमध्यें काय घडतें तें पहावें. लांब टोला मारतांना खेळाडू आपला पाय प्रथम मागें आणि बाहेर फेंकतो. त्या क्षणीं आंत ओढणारा स्नायु पूर्ण ताणला जातो. आणि ताणलेला असतांनाच त्याला पायाची मागची गति थोपवून तो पाय पुढें व आंत खेंचावा लागतो. दुसरा प्रसंग वळण्याचा. खेळाडू भरधांव धांवत असतां प्रतिपक्ष्याला चकविण्यासाठीं एक पाय बाजूला रोंवतो आणि शरीर उलट दिशेला झोंकतो. पाय जमिनीला खिळलेला आणि धड दूर चाललेलें, अशा वेळीं मांडीच्या आंतला स्नायूच त्या दोहोंस बांधून ठेवतो. तिसरा प्रसंग हातचा जाऊं पाहणारा चेंडू पाय लांबवून अडविण्याचा. या तिन्ही प्रसंगांत स्नायूला जें करावें लागतें तें एकच : लांबत असतां जोर लावणें.

हें शेवटचें वाक्य सामान्य माणसाला चमत्कारिक वाटेल. कारण स्नायु जोर लावतो तेव्हां तो आंखडतो, अशी आपली समजूत असते. परंतु विहिरींत भरलेली घागर सोडणाराकडे पाहिलें म्हणजे शंका फिटते. घागर वर ओढतांना हातांना जोर लागतो, तसाच तो खालीं सोडतांनाही लागतो. दोर हळूहळू सुटत असतो, हात लांब होत असतात, पण पकड ढिली झालेली नसते. ती ढिली झाली तर दोर तळहात सोलून काढील. स्नायूंचेंही तसेंच आहे. आंखडतांना काम करणें सोपें. परंतु लांबतांना भार पेलणें हें अधिक कठीण, आणि बहुतेक स्नायु फाटतात ते याच वेळीं. म्हणून जांघेचें रक्षण करावयाचें तर आंत ओढणाऱ्या स्नायूंना लांबतां लांबतां भार पेलण्याची संवय लावली पाहिजे. सगळ्या उपायाचें सार एवढ्यांत आहे.

हें सार मात्र एका दिवसांत सांपडलेलें नाहीं. जांघ दुखूं लागली कीं विश्रांति, शेक, मालीश आणि ताणाचे हलके व्यायाम हाच उपचार सर्वत्र रूढ होता. १९९९ सालीं डेन्मार्कमधील शल्यवैद्य पेर होल्मिक व त्यांचे सहकारी यांनीं या रूढीची परीक्षा घेतली. जांघेचें दुखणें जुनें झालेल्या ६८ खेळाडूंचे त्यांनीं चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें दोन सारखे गट केले. एका गटाला मालीश, ताण, विजेचा प्रवाह इत्यादि उपचार दिले. खेळाडूनें पडून रहावें व दुसऱ्यानें उपचार करावा, अशी ही पद्धति. दुसऱ्या गटाकडून पायांमध्यें चेंडू दाबणें, पोटाचे व्यायाम, तोल सांभाळण्याचे व्यायाम अशी मेहनत आठ ते बारा आठवडे करून घेतली. परिणाम असा झाला कीं, पहिल्या गटांतील ३४ पैकीं केवळ ४ खेळाडू दुखण्यांतून पूर्ण मुक्त होऊन पूर्वीसारखे खेळूं लागले. दुसऱ्या गटांतील ३४ पैकीं २३. एखाद्या निबंधानें मत पालटावें असा प्रसंग वैद्यकांत क्वचित् येतो. हा तसा प्रसंग होता. दुबळ्या स्नायूला विश्रांतीनें वेदनेपासून सुटका मिळते, पण बळ मिळत नाहीं, हें त्यानें दाखविलें.

यानंतर साहजिकच असा प्रश्न उभा राहिला कीं, जें बळ दुखणें बरें करतें तेंच अगोदर कमावलें तर दुखणें येणारच नाहीं काय? याचें पहिलें उत्तर फुटबॉलच्या बाहेरून, बर्फावरील हॉकीच्या खेळांतून आलें. बर्फावर सरकतांना पाय सतत बाहेर ढकलला जात असल्यामुळें त्या खेळाडूंच्या जांघेवरही तसाच ताण पडतो. अमेरिकेंतील एका व्यावसायिक संघाच्या खेळाडूंचें बळ मोसमापूर्वीं मोजून ठेवण्यांत आलें आणि मग कोण दुखावतो तें पाहण्यांत आलें. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत असें आढळलें कीं, पुढें ज्यांचे आंतले स्नायु दुखावले त्यांचें त्या स्नायूंचें बळ इतरांपेक्षां शेंकडा १८ नें कमी होतें. ज्यांच्या आंतल्या स्नायूंचें बळ बाहेरच्या स्नायूंच्या बळाच्या शेंकडा ८० हूनही कमी भरलें, त्यांना धोका कित्येक पटींनीं अधिक होता. नंतर अशा दुबळ्या खेळाडूंना निवडून मोसमापूर्वीं मेहनत दिली, तेव्हां अगोदरच्या दोन मोसमांत झालेल्या अशा ११ दुखापतींच्या ठिकाणीं पुढील दोन मोसमांत ३ च झाल्या. खेळाडू थोडे होते, तरी दिशा स्पष्ट झाली.

फुटबॉलमध्यें मात्र पहिला मोठा प्रयत्न अपुरा ठरला. डेन्मार्कमधील ४४ हौशी संघांच्या ९७७ खेळाडूंवर झालेल्या आणि २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बळ, तोल व ताण यांचे मिश्र व्यायाम देण्यांत आले. दुखापती कांहीं कमी झाल्या. परंतु आंकडेशास्त्राच्या कसोटीला ती घट उतरली नाहीं. याच प्रयोगांत एक गोष्ट मात्र ठळकपणें दिसली : ज्याची जांघ पूर्वीं एकदां दुखावली होती, त्याला पुन्हां दुखापत होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होता. पहिली दुखापत टाळण्याचें महत्त्व यावरून कळून येतें. अपुऱ्या यशाचें कारण शोधतांना पुढच्या अभ्यासकांचें लक्ष व्यायामाच्या भाराकडे गेलें. गुडघ्यांमध्यें चेंडू दाबून धरणें हा दुखऱ्या माणसाला उत्तम व्यायाम. परंतु निरोगी, तरुण खेळाडूचें बळ वाढविण्यास तो पुरेसा भारी नाहीं. ज्याला मणभर ओझें वाहावयाचें आहे त्यानें पायलीभर धान्य उचलण्याचा सराव केला तर उपयोग कितपत व्हावा? त्यांतून त्या व्यायामांत लांबतां लांबतां भार पेलणें जवळजवळ नव्हतेंच.

ही उणीव ज्या व्यायामानें भरून काढली त्याला डेन्मार्कच्या राजधानीवरून ‘कोपनहेगन व्यायाम’ असें नांव पडलें आहे. त्याला यंत्र लागत नाहीं, वजनें लागत नाहींत. एक जोडीदार पुरतो. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत डेन्मार्कमधील तरुण खेळाडूंनीं तो आठ आठवडे केला आणि लांबतां लांबतां भार पेलण्याचें त्यांच्या आंतल्या स्नायूंचें बळ शेंकडा सुमारे ३६ नें वाढलें. मग खरी कसोटी नॉर्वेमध्यें झाली. तेथील ३५ अर्धव्यावसायिक पुरुष संघांपैकीं कांहींनीं मोसमापूर्वीं आठवड्यांतून दोन-तीन वेळां आणि मोसमांत आठवड्यांतून एकदां हा व्यायाम केला. बाकीचे आपल्या नेहमींच्या सरावावर राहिले. मग संपूर्ण मोसमभर दर आठवड्याला प्रत्येक खेळाडूस जांघेविषयीं प्रश्न विचारले. २०१९ सालीं त्याचा निष्कर्ष बाहेर आला. व्यायाम न करणाऱ्या संघांत कोणत्याही आठवड्याला सरासरीनें शेंकडा २१.३ खेळाडूंची जांघेविषयीं तक्रार असे. व्यायाम करणाऱ्या संघांत तें प्रमाण शेंकडा १३.५ होतें. एकंदर हिशेबानें तक्रारीचा धोका शेंकडा ४१ नें घटला होता. हा प्रयोग प्रौढ पुरुषांवरचा आहे, आणि व्यायाम करणारांतही तक्रारी उरल्याच, हें विसरतां कामा नये. हें बळ म्हणजे अभेद्य कवच नव्हे. परंतु दर पांच तक्रारींतील दोन टळणें ही लहान गोष्ट नाहीं.

आतां हा व्यायाम कसा करावयाचा तें सांगणें अवश्य आहे. खेळाडूनें सतरंजीवर किंवा हिरवळीवर एका कुशीवर आडवें व्हावें आणि खालच्या हाताचें कोंपर खांद्याच्या बरोबर खालीं टेकावें. जोडीदारानें त्याच्या पायांकडे उभें राहून वरचा पाय स्वतःच्या कमरेइतक्या उंचीवर धरावा. एका हातानें घोटा आणि दुसऱ्या हातानें गुडघा सांवरावा. मग खेळाडूनें वरच्या पायाच्या आंतल्या बाजूनें जोडीदाराच्या हातांवर दाब देत आपली कंबर जमिनीवरून उचलावी, आणि त्याच वेळीं खालचा पाय वर नेऊन वरच्या पायाला टेकवावा. खांदा, कंबर व पाय एका सरळ रेषेंत आले म्हणजे उचल पूर्ण झाली. नंतर तितक्याच सावकाश खालीं यावें. वर जाण्यास तीन आंकडे आणि खालीं येण्यास तीन आंकडे मोजावे. खालीं येण्याचा भाग हाच व्यायामाचा आत्मा. तेथें धपकन् पडलें तर श्रम होतात, फळ मिळत नाहीं. एक बाजू झाली कीं दुसरी बाजू करावी.

नवशिक्यानें एकदम या पायरीवर चढूं नये. पहिल्या पायरीवर जोडीदारही नको. कुशीवर निजून वरचा पाय बाजूला ठेवावा आणि खालचा पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलावा, हळूहळू खालीं ठेवावा. दुसऱ्या पायरीवर जोडीदारानें वरचा पाय घोट्याशीं न धरतां गुडघ्याशीं धरावा. असें केल्यानें तरफेची लांबी अर्धी होते आणि भार पुष्कळ हलका होतो. तिसरी पायरी म्हणजे वर सांगितलेला पूर्ण व्यायाम. आरंभीं प्रत्येक बाजूस ३ ते ५ उचली, दोन आठवड्यांनंतर ७ ते १०, आणि आणखी दोन आठवड्यांनंतर १२ ते १५, अशी वाढ करावी. मोसमाच्या अगोदर सहा ते आठ आठवडे, आठवड्यांतून दोन-तीन दिवस हा क्रम चालवावा, आणि खेळ सुरू झाला कीं आठवड्यांतून एक दिवस तो राखावा. सराव संपण्यापूर्वीं पांच-दहा मिनिटांत तो आटोपतो. पहिल्या आठवड्यांत मांड्या आंबतील. त्याला भिऊं नये, पण सामन्याच्या आदल्या दिवशीं मात्र पहिला धडा घेऊं नये. वेदनेला शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावे, आणि व्यायाम करतांना ती तीनच्या वर गेली तर एक पायरी खालीं उतरावें.

आंतल्या स्नायूंच्या मागें लागून बाहेरच्या स्नायूंची उपेक्षा होऊं नये. टोला मारणाऱ्या पायाकडे सर्वांचें लक्ष असतें. पण त्या क्षणीं सारें शरीर दुसऱ्या पायावर उभें असतें, आणि त्या पायाच्या नितंबाचे स्नायु दुबळे असतील तर कंबर कलते व जांघेवर वांकडा ताण पडतो. म्हणून कुशीवर निजून वरचा पाय सावकाश उचलणें, गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा बांधून आडवें चालणें, उताणें पडून टांचा टेकून कंबर उचलणें, आणि एका पायावर उभें राहून हळूहळू अर्धी बैठक मारणें, हे व्यायाम जोडीला असावे. त्यांबरोबर पोटाचाही कांहीं व्यायाम असावा. कारण जघनास्थीवरच्या रस्सीखेंचींत तोही एक पक्ष आहे.

दुखणें अंकुरावस्थेंत ओळखण्याची एक सोपी परीक्षाही आहे. खेळाडूनें उताणें पडून पाय सरळ ठेवावे. दुसऱ्यानें आपला हात, कोंपरापासून मनगटापर्यंतचा, त्याच्या दोन घोट्यांमध्यें आडवा धरावा आणि खेळाडूनें तो पांच सेकंद सर्व बळानें दाबावा. जांघेंत दुखलें तर त्या दुखण्याला दहापैकीं गुण द्यावे. शून्य ते दोन असतील तर खेळण्यास हरकत नाहीं. तीन ते पांच असतील तर सांभाळून रहावें. सहा किंवा अधिक असतील तर खेळ थांबवून दुखण्याचें कारण शोधावें. रस्त्यावरच्या हिरव्या, पिवळ्या व तांबड्या दिव्यांप्रमाणें हे तीन इशारे आहेत. ज्या संघांत ही परीक्षा दर आठवड्याला होते, तेथें दुखणें लपविण्याची पाळी खेळाडूवर येत नाहीं, हा तिचा दुसरा लाभ.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं त्यांवर घरचा व्यायाम करूं नये, वैद्याकडेच जावें. टोला मारतांना कांहीं तुटल्यासारखें वाटून मांडी काळीनिळी झाली, खोकतांना जांघेंत फुगवटा आला, रात्रीं निजल्यावरही ठणका राहिला, ताप आला किंवा वृषणांत दुखूं लागलें, तर एक दिवसही दवडूं नये. वाढत्या वयाच्या मुलांविषयीं आईबापांनीं विशेष जागरूक असावें. साधारण दहा ते सोळा वर्षांच्या मुलांत मांडीच्या हाडाचा गोल माथा वाढीच्या कूर्चेपाशीं सरकण्याचा एक विकार होतो. त्यांत मुलगा लंगडतो, जांघ दुखते, आणि पुष्कळदां फक्त गुडघाच दुखतो, म्हणून उपचार गुडघ्यावर होत राहतो. क्ष-किरणांच्या चित्रांत तो ओळखतां येतो आणि वेळेवर ओळखला तर खुबा वांचतो. लंगडणाऱ्या मुलाला ‘वाढीचें दुखणें आहे, जाईल’ असें म्हणून खेळावयास पाठविणें धोक्याचें आहे.

महाराष्ट्रांत या विषयाला एक जुनी, ओळखीची बाजू आहे. कोल्हापुरांत फुटबॉल हा पेठापेठांच्या अभिमानाचा विषय. तेथील संघांचीं नांवें ऐकलीं तरी त्यांचें मूळ कळतें : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर चेंडूमागें धांवणारे हे संघ तालमींचीं नांवें लावूनच मैदानांत उतरतात. अंग कमावल्याशिवाय आखाड्यांत उतरूं नये, हा तालमीचा पहिला नियम. जोर आणि बैठका यांनीं छाती, दंड, मांडीचा पुढचा भाग आणि नितंब यांस बळ येतें. आणि मल्लखांबावर तर मांड्यांच्या आंतल्या बाजूनें खांब आवळून धरल्याशिवाय एक पकडही साधत नाहीं. म्हणजे या स्नायूंची ओळख आपल्या व्यायामशाळांना नवी नाहीं. नवें आहे तें एवढेंच कीं, लांबतां लांबतां भार पेलण्याचा एक नेमका धडा त्यांत घालावयाचा आहे, आणि तो दुखापत झाल्यावर नव्हे, तर मोसमापूर्वीं गिरवावयाचा आहे.

पहिलवानानें कुस्तीपूर्वीं सहा महिने मेहनत केली तर कोणाला नवल वाटत नाहीं. फुटबॉल मात्र चेंडू घेऊन मैदानांत धांवत सुटण्याचा खेळ, त्याला वेगळी मेहनत कशाला, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत व शाळांत आहे. तिच्यामुळें पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच पंधरवड्यांत मुलें दमदार टोले मारूं लागतात आणि महिनाभरांत त्यांतलीं कांहीं कडेला बसलेलीं दिसतात. शाळेच्या शिक्षकांनीं व संघांच्या वस्तादांनीं आठवड्यांतील दोन दिवसांचीं दहा दहा मिनिटें या व्यायामासाठीं काढून ठेवलीं, तर कडेला बसणाऱ्या त्या मुलांपैकीं बऱ्याच जणांना खेळतां येईल. त्यासाठीं लागणारें साहित्य एक सतरंजी आणि एक जोडीदार, एवढेंच आहे.